शहिदांच्या नावाने सूट कुणाला? माजी सैनिकांची दफनभूमी, पर्यावरण कायदा आणि सुनावणीचा हक्क

"देशासाठी लढलेल्या सैनिकाची कबर बांधायची आहे, त्यात पर्यावरणाची तपासणी कशाला मध्ये आणता?"

हा प्रश्न कुणी विचारला की समोरचा माणूस गप्प बसतो. सैनिकाचे नाव निघाले की प्रश्न विचारणाराच गुन्हेगार ठरतो, हे आपल्या देशात आपण रोज पाहतो. अमेरिकेतही तेच चालते. तिथे माजी सैनिकांच्या दफनभूमीसारख्या कामाला पर्यावरणीय आढाव्यातून सूट द्यावी हा विचार पुढे येतो, तेव्हा विरोध करायला कुणी सहजासहजी धजावत नाही.

आपण आंबेडकरी कार्यकर्त्यांनी या परदेशी विषयात का पडावे? कारण मुद्दा फक्त झाडांचा आणि पाण्याचा नाही. मुद्दा असा आहे की एखाद्या जमिनीचे काय करायचे हे ठरवताना तिथल्या माणसाला विचारायचे की नाही. ज्यांना इतिहासात कधीच कुणी विचारले नाही, त्यांच्यासाठी हा प्रश्न जगण्याचा आहे. अमेरिकेतील सैनिकी दफनभूमींचा इतिहास हेच सांगतो, आणि तो सुरू होतो थेट गुलामांच्या वस्तीपासून.

मालकाच्या वारसाला न्यायालय, गुलामांच्या मुलांना नोटीस

वॉशिंग्टनजवळचे आर्लिंग्टन हे अमेरिकेचे सर्वात प्रतिष्ठित सैनिकी दफनस्थान. ही जमीन मुळात गुलामांच्या श्रमावर चालणारी सुमारे १,१०० एकरांची जहागीर होती. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या दक्षिणेच्या फौजांचा सेनापती रॉबर्ट ली याच्या बायकोकडून ती त्या घराण्याकडे आली. यादवी युद्धात सरकारने ती ताब्यात घेतली आणि मे १८६४ मध्ये तिथे सैनिकांचे दफन सुरू झाले.

पण त्याच्या आधीच, डिसेंबर १८६३ मध्ये, त्याच जहागिरीवर सरकारने मुक्त झालेल्या गुलामांसाठी एक वस्ती उभी केली होती. तिचे नाव फ्रीडमन्स व्हिलेज. तिथे घरे होती, शाळा होती, दवाखाना होता, चर्च होते. गुलामगिरीविरुद्ध आयुष्यभर लढलेल्या सोजर्नर ट्रुथ यांनी तिथे काही काळ राहून काम केले. लोक घरभाडे भरत होते, शेती करत होते, मुले शिकवत होते. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचे दार त्यांना मिळाले होते.

पुढे काय झाले ते लक्ष देऊन वाचा. ली घराण्याच्या वारसाने सरकारवर दावा लावला की माझी जमीन योग्य कायदेशीर प्रक्रियेविना घेतली. १८८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. दुसऱ्या वर्षी सरकारने त्याला १,५०,००० डॉलर मोजले आणि जमीन रीतसर विकत घेतली. गुलामांच्या मालकाच्या वारसाला सुनावणी मिळाली, न्याय मिळाला आणि पैसेही मिळाले.

फ्रीडमन्स व्हिलेजच्या लोकांना १८८७ मध्ये काय मिळाले? ९० दिवसांत जागा खाली करा, अशी नोटीस. त्या लोकांनी अर्ज केले, आपण बांधलेल्या घरांची भरपाई मागितली, वर्षानुवर्षे चिकाटीने तग धरला. शेवटी १९०० मध्ये वस्ती बंद झाली आणि सगळ्यांना मिळून ७५,००० डॉलर मंजूर झाले. एका वारसाला जे मिळाले त्याच्या निम्मे, आणि तेही पूर्ण वस्तीला मिळून.

यातील काही विस्थापित कुटुंबांनी जवळच क्वीन सिटी नावाची कृष्णवर्णीय वस्ती वसवली. १९४२ मध्ये पेंटागॉनच्या रस्त्यांसाठी तीही पाडली गेली. सुमारे ९०० माणसे पुन्हा रस्त्यावर आली. युद्ध चालू होते, देशाचे संरक्षण होते, तेव्हा विचारण्याची गरजच कुणाला वाटली नाही. एकाच समाजाला दोन पिढ्यांत दोनदा राष्ट्राच्या नावाने उठवले.

त्याच आर्लिंग्टनमध्ये 'सेक्शन २७' नावाचा भाग आहे. तिथे यादवी युद्धात लढलेले कृष्णवर्णीय सैनिक पुरलेले आहेत, आणि ३,८०० हून अधिक मुक्त गुलामही पुरलेले आहेत. त्यांच्या शिळांवर 'नागरिक' असा शब्द कोरला आहे. जिवंतपणी ज्यांना नागरिक म्हणून वागवले नाही, त्यांना मेल्यावर दगडावर नागरिक केले. शिवाय कबरींच्या रांगाही वेगळ्याच होत्या. १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातील वंशभेद संपवण्याचा आदेश काढेपर्यंत गोऱ्या आणि काळ्या सैनिकांना मातीही वेगवेगळी होती. आपल्या गावातल्या वेगळ्या स्मशानभूमीची आठवण येते ना?

सन्मान सुटीतून आला नाही, सुनावणीतून आला

फेलिक्स लोंगोरिया हा मेक्सिकन वंशाचा अमेरिकन सैनिक दुसऱ्या महायुद्धात फिलिपिन्समध्ये मारला गेला. १९४९ मध्ये त्याचे अवशेष टेक्सासमधल्या त्याच्या गावी आणायचे होते, तेव्हा तिथल्या अंत्यविधीगृहाने सभागृह द्यायला नकार दिला. कारण काय, तर गोऱ्यांना ते आवडणार नाही. डॉ. हेक्टर गार्सिया यांच्या संघटनेने आवाज उठवला, प्रकरण सिनेटर लिंडन जॉन्सन यांच्यापर्यंत गेले आणि फेब्रुवारी १९४९ मध्ये लोंगोरिया आर्लिंग्टनमध्ये विसावला.

बिल टेरी हा अलाबामातील बर्मिंगहॅमचा कृष्णवर्णीय तरुण १९६९ मध्ये व्हिएतनाममध्ये मारला गेला. घराजवळच्या दफनभूमीत आपल्याला पुरावे अशी त्याची इच्छा होती. ती दफनभूमी फक्त गोऱ्यांसाठी होती. व्हिएतनाममध्ये मरण पत्करायला त्याचा रंग आड आला नाही, गावात मातीआड जायला मात्र आला. घरचे लोक न्यायालयात गेले, न्यायाधीशांनी आदेश दिला आणि जानेवारी १९७० मध्ये त्याला तिथे पुन्हा पुरण्यात आले.

ही दोन्ही उदाहरणे एकच गोष्ट सांगतात. सैनिकाच्या मृतदेहाला जो सन्मान मिळाला तो कायद्याला वळसा घालून मिळाला नाही. कुणीतरी तक्रार केली, कुणाला तरी ती ऐकावी लागली, म्हणून मिळाला. दलित-शोषितांचा सन्मान नेहमी ऐकून घेण्याच्या सक्तीतूनच आला आहे. आपल्याकडे चवदार तळ्याचा प्रश्नही शेवटी न्यायालयात लढूनच जिंकावा लागला.

१९७० चा कायदा: विचारल्याशिवाय खोदायचे नाही

बिल टेरी पुन्हा पुरला गेला त्याच महिन्यात, १ जानेवारी १९७० रोजी, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यावर सही केली. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याने स्वतःचा पर्यावरण गुणवत्ता कायदा केला. दोन्ही कायद्यांचे सार सोपे आहे. सरकारला मोठे काम करायचे असेल तर आधी परिणाम तपासा, पर्याय मांडा, ते लोकांसमोर ठेवा, हरकती घ्या आणि मग निर्णय करा. काम करूच नका असे हे कायदे म्हणत नाहीत. आंधळेपणाने करू नका एवढेच ते म्हणतात.

तपासणीच्या पायऱ्याही आहेत. किरकोळ कामांना सरसकट सूट असते. मधल्या कामांना छोटा आढावा लागतो. मोठा परिणाम होणार असेल तरच सविस्तर अहवाल लागतो. आर्लिंग्टनचीच गोष्ट घ्या. तिथे २७ एकरांचा विस्तार करायचा होता आणि जुनी झाडे असलेली जंगलपट्टी आड येत होती. लष्कराने छोटा आढावा केला. त्यावर नागरिकांनी हरकती घेतल्या, वादही झाला. २०१३ मध्ये आढावा पूर्ण झाला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये तो भाग खुला झाला. म्हणजे आढावा झाला आणि दफनभूमीही झाली.

या कायद्यांना शोषितांच्या हातात आणण्याचे काम मात्र कृष्णवर्णीय चळवळीने केले. १९८२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या वॉरन काउंटीत विषारी कचऱ्याचा डेपो कृष्णवर्णीय वस्तीजवळ आणला गेला. लोक रस्त्यावर आडवे झाले, ५०० हून अधिक जणांना अटक झाली. डेपो झालाच, पण त्यातून 'पर्यावरणीय न्याय' ही चळवळ उभी राहिली. १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांना आदेश काढावा लागला की गरीब आणि अल्पसंख्याक वस्त्यांवर होणारा परिणाम सरकारी खात्यांनी तपासलाच पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी सत्तेत परतताच जे आदेश रद्द केले त्यांत हाही होता. कात्री कुठून सुरू होते ते यावरून ओळखा.

आढाव्यामुळे मेलेली माणसेही बोलू लागतात, याचेही उदाहरण आहे. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये सरकारी इमारतीसाठी खोदकाम होणार होते. ऐतिहासिक वारसा कायद्याखाली जमिनीचे सर्वेक्षण करणे बंधनकारक होते. त्यातून १७ व्या-१८ व्या शतकातले आफ्रिकन गुलामांचे विस्मृतीत गेलेले दफनस्थान वर आले. ४०० हून अधिक माणसांचे अवशेष निघाले. सरकारी खाते तरीही काम रेटत होते. कृष्णवर्णीय समाजाने आंदोलन करून १९९२ मध्ये ते थांबवले, आणि २००६ मध्ये ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली. बाबासाहेब १९१३ ते १९१६ त्याच शहरात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. तेव्हा त्या माणसांच्या छातीवर इमारती उभ्या होत्या आणि कुणालाही त्याची आठवण नव्हती. इमारतीच्या कामाला 'तातडीचे सरकारी काम' म्हणून सूट मिळाली असती तर आजही नसती.

ऑरेंज काउंटी: उशीर कुणामुळे झाला?

आता सूट मागणाऱ्यांची बाजू प्रामाणिकपणे पाहू. कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीत माजी सैनिकांची संख्या मोठी, पण त्यांच्यासाठी तिथे सरकारी दफनभूमी नाही. घरच्यांना शेजारच्या रिव्हरसाइड काउंटीत जावे लागते. २०१४ मध्ये राज्याने कायदा करून दफनभूमीला मान्यता दिली. जागा ठरली अर्व्हाइन शहरातला एल टोरो हा नौसैनिकांचा जुना विमानतळ, जो १९९९ मध्ये बंद झाला होता. त्यानंतर वर्षामागून वर्षे गेली. मागणी करणारे म्हातारे सैनिक एकेक करून गेले. त्यांचा राग खरा आहे आणि त्याची टिंगल कुणी करू नये.

पण उशीर पर्यावरण कायद्यामुळे झाला का? घटनाक्रम बघा. २०१७ मध्ये शहराने विकासकाशी जमिनीची अदलाबदल ठरवली. जून २०१८ मध्ये मतदारांनी ती फेटाळली. काही घरमालकांना घराजवळ आणि शाळेजवळ कबरी नको होत्या. मे २०२० मध्ये हजारो नागरिकांच्या सह्यांचा प्रस्ताव नगरपरिषदेने मतदान न घेता थेट मंजूर केला आणि मूळ जागा दफनभूमीसाठी राखली. २०२१ पासून चर्चा अनाहाइममधल्या जिप्सम कॅन्यनकडे वळली.

यातली २०२० ची पायरी महत्त्वाची आहे. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये वॉलमार्टच्या एका प्रकरणात ठरवले होते की नागरिकांच्या सह्यांचा प्रस्ताव नगरपरिषदेने जसाच्या तसा स्वीकारला तर पर्यावरणीय आढावा लागत नाही. म्हणजे आढावा टाळण्याचे दार तिथे आधीच उघडे होते. त्या दारातून जाऊनही कबर बांधली गेली नाही! अडथळा जमिनीच्या किमतीचा आणि राजकारणाचा होता. त्याचे खापर आढाव्यावर फोडणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

कॅलिफोर्नियाचा आणखी एक अनुभव सांगते. २००९ मध्ये लॉस एंजेलिसजवळ फुटबॉल स्टेडियमसाठी खास कायदा करून पर्यावरण कायद्यातून सूट दिली. रोजगाराचे मोठे स्वप्न दाखवले गेले. सूट मिळाली, स्टेडियम मात्र कधीच झाले नाही.

आणि एल टोरोची जमीन कशी होती? तिथल्या भूजलात विमाने धुण्या-दुरुस्तीच्या कामातली घातक रसायने मिसळली होती. १९९० मध्ये ही जागा देशातल्या सर्वात दूषित जागांच्या यादीत गेली होती. जिप्सम कॅन्यनची जागा वणव्याच्या पट्ट्यात आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्याच परिसरात लागलेल्या वणव्यात सुमारे ९,००० एकर जळाले. अशा जागी खोदकाम करायचे, तिथे रोज म्हाताऱ्या विधवा आणि मुले येणार. पाणी कसे आहे, आग लागली तर बाहेर कसे पडायचे, हे विचारणे म्हणजे सैनिकाचा अपमान आहे काय?

खरे तर पर्यावरणाच्या हलगर्जीपणाचा पहिला बळी सैनिकच असतो. नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅम्प लेज्यून या तळावर १९५३ ते १९८७ या काळात सैनिक आणि त्यांची कुटुंबे विषारी रसायनांचे पाणी प्यायली. कर्करोगाने माणसे गेली. न्यायालयात दाद मागण्याचा खास हक्क त्यांना मिळाला २०२२ मध्ये. ज्या माणसाला तपासणीविना पाणी पाजले, त्याच्याच कबरीसाठी पुन्हा तपासणी नको म्हणायचे, याला सन्मान म्हणत नाहीत.

श्रीमंतही हाच कायदा वापरतात, मग?

एक आक्षेप खरा आहे. कॅलिफोर्नियात सुखवस्तू घरमालक या कायद्याचा वापर करून गरिबांची घरे अडवतात. म्हणूनच जून २०२५ मध्ये तिथल्या सरकारने शहरांतल्या घरबांधणीला मोठ्या सवलती दिल्या. ज्याच्याकडे वकील आहे त्याची हरकत ऐकली जाते आणि ज्याच्याकडे नाही त्याची फाइलमध्ये पडून राहते, हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक आहे?

पण यावरचा उपाय काय? विहिरीवर सवर्णांचा कब्जा आहे म्हणून विहीर बुजवा, असे बाबासाहेबांनी सांगितले नाही. विहीर सर्वांना खुली करा, असे सांगितले. सुनावणी बंद केली तर श्रीमंताकडे आमदार, पैसा आणि फोन हे तीन रस्ते उरतातच. गरिबाकडे सुनावणी हा एकच रस्ता होता, तोही जातो. आढाव्याला मुदत घाला, तो लोकांच्या भाषेत करा, वस्तीत जाऊन करा. एखादे काम खरोखर किरकोळ असेल तर सूटही द्या. पण भावनेच्या जोरावर दिलेली सूट उद्या दुसऱ्याच कामाला वापरली जाते.

आपल्या दारात

हे सगळे आपल्यापासून लांब नाही. भारताच्या २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेत राष्ट्रीय संरक्षण आणि सुरक्षेशी संबंधित किंवा इतर 'सामरिक' बाबींच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहेच. २०२० च्या मसुद्यात सामरिक ठरवलेल्या प्रकल्पांची माहितीच लोकांसमोर न ठेवण्याची तरतूद होती, आणि जनसुनावणीच्या नोटिशीची मुदत ३० दिवसांवरून २० वर आणायची होती. तो मसुदा आधी फक्त इंग्रजी-हिंदीत आला. तो इतर भाषांत द्या, असे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले. ज्याला वाचताच येत नाही तो हरकत काय घेणार?

सैनिकाच्या सन्मानाचे म्हणाल तर आपल्याइतका अनुभव कुणाला आहे? भीमा कोरेगावच्या स्तंभावर आपल्या पूर्वजांची नावे कोरली. त्याच इंग्रजांनी १८९० च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद केली. माजी सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांना त्यासाठी अर्ज लिहावा लागला. दगडावर नाव कोरणाऱ्याने अर्ज ऐकला नाही. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले ते केवळ फुले वाहायला नव्हे, हा विश्वासघात समाजाला आठवून द्यायला. स्मारक मिळणे आणि हक्क मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मी काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका गावात कामाला होते. बौद्ध वस्तीची स्मशानभूमी ओढ्याकाठी. तिच्या कडेने रस्त्याचे काम निघाले आणि मुरुमाचे ढीग थेट जुन्या जागेवर पडले. आम्ही विचारायला गेलो तर उत्तर आले, "हरकती-सूचना मागवल्या होत्या की, तुम्ही कुठे होता?" नोटीस गावात फळ्यावर लागली होती. वस्तीत ना दवंडी, ना कागद. एक आजी म्हणाल्या, "पोरी, आमचा म्हातारा तिथं हाय, त्याला इचारलं का कुणी?" आर्लिंग्टनच्या सेक्शन २७ बद्दल वाचताना मला त्या आजीच आठवत होत्या.

म्हणून मित्रांनो, तुमच्या तालुक्यात उद्या कुणी शहीद स्मारक, उद्यान किंवा पुतळ्याच्या नावाने 'यात प्रक्रिया कशाला' असे म्हणाले, तर सैनिकाला आधी मनापासून जय भीम करा आणि मग चार प्रश्न विचारा. जमीन कुणाची आहे? तिथे आधी कोण राहत होते, कोण पुरलेले आहे? नोटीस कुणाच्या वस्तीत आणि कोणत्या भाषेत लागली? आणि सूट मिळाल्यावर शेजारची जमीन कुणाच्या खिशात जाणार आहे? जनसुनावणी असेल तिथे दहा जण घेऊन जा, हरकत लेखी द्या आणि पोच घ्या.

सैनिकाला कबर मिळालीच पाहिजे, लवकर मिळाली पाहिजे आणि चांगल्या जमिनीत मिळाली पाहिजे. पण ती फ्रीडमन्स व्हिलेज उठवून नको आणि त्या आजीला न विचारता नको. आपल्या संविधानाने दिलेला सन्मान मेलेल्याला आणि जिवंताला एकाच वेळी लागू होतो.

जय भीम!